गोधडीचा ताळेबंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात, गोधडी गटाच्या प्रदर्शनाच्या दिवशी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स आणि सौर दिवे यांचा २५ वर्षांचा इतिहास सांगितला. माझ्या वाट्याला गोधडी आली आहे. मंडळी, मला सुईत दोरा ओवायचा तर चष्मा बदलावा लागतो, आणि ओवला तरी पुढं काय करायचं ते कळत नाही. तरी मला इथं उभं केलंय, कारण गेली ८ वर्षं मी आपल्या गोधडी गटाचा खजिनदार आहे. बायकांनी माझी निवड बिनविरोध केली. कारण विचारलं तर एक वहिनी म्हणाल्या, "काका, हिशेबाला बाहेरचा माणूस आणला तर पैसे द्यावे लागतील. तुम्ही घरचेच आहात."

तर हे भाषण खजिनदाराचं आहे. ३६ वर्षं बँकेत काढल्यामुळं कुठल्याही गोष्टीचा ताळेबंद मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. गोधडी गटाचाही मांडला, आणि तो चक्क तोट्यात निघाला. हा तोटा नेमका कुठं आहे आणि तो तसाच का चालू ठेवावा, एवढंच आज सांगणार आहे. पुढच्या वार्षिक सभेत गटाच्या खोलीचा विषय येणार आहे. त्याआधी हा हिशेब सगळ्यांच्या कानावर गेलेला बरा.

आधी सुरुवात कशी झाली ते. सी विंगमधल्या एक आजी गावचं घर बंद करून मुलाकडे कायमच्या राहायला आल्या. बरोबर काय, तर एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत त्यांची, त्यांच्या सासूबाईंची आणि जावेची जुनी लुगडी. सूनबाईंचं म्हणणं, फ्लॅटमध्ये जागा कुठाय, बोहारणीला देऊन टाकू, एखादं पातेलं तरी येईल. बोहारीण खाली आलीसुद्धा. आजी ट्रंकेवर बसल्या त्या उठेचनात! शेवटी बोहारीण कंटाळून निघून गेली. मग आजींनी सुनेला सांगितलं, "मला आठवड्यातून दोनदा चार हात जमिनीची जागा दे. ट्रंक रिकामी करून दाखवते." चार हात जागा फ्लॅटमध्ये निघेना, म्हणून तळमजल्यावर मीटर रूमशेजारची खोली समितीकडे मागितली. ती तेव्हा मोडक्या खुर्च्यांनी भरलेली होती. खुर्च्या भंगारात गेल्या आणि गोधडी गट सुरू झाला. नाव, बॅनर, नोंदणी काही नाही. बुधवारी आणि शनिवारी दुपारी ३ ते ५, एवढाच नियम.

आता लहान मुलांसाठी थोडं. बाळांनो, गोधडी म्हणजे जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक ठेवून हातानं शिवलेलं अंथरूण-पांघरूण. कोल्हापूर-सांगलीकडं हिलाच वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी छोटं, मऊ करतात ते दुपटं. ती तयार कशी होते ते सांगतो, कारण बाहेर प्रदर्शनात फक्त तयार माल दिसतो.

पहिल्यांदा खालचं कापड, म्हणजे अस्तर, जमिनीवर ताणून पसरायचं. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. गावाकडं दगड ठेवतात, आपण जुने टेलिफोन डिरेक्टरीचे गठ्ठे ठेवतो, त्यांचा तेवढाच उपयोग उरलाय. त्यावर साडीचे, धोतराचे, चादरीचे थर, एकही सुरकुती न ठेवता. सर्वांत वर चांगलं कापड किंवा रंगीत तुकडे. कडा आत मुडपायच्या. मग एका कडेपासून धावदोऱ्याचा टाका सुरू. चौकोनी चौकोनी फिरत, एकेक ओळ आत सरकत, शेवटी मध्यावर येऊन संपायचं. टाका जेवढा बारीक, ओळी जेवढ्या जवळ, तेवढी गोधडी टिकते. टाके नसतील तर पहिल्या धुण्यात आतलं कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसेल. आणि गोधडी उबदार का असते? थरांच्या मध्ये हवा अडकून राहते. ती हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपल्या आज्यांना भौतिकशास्त्राचं पुस्तक कुणी दिलं नव्हतं, पण तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा गरम, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

माझ्या लहानपणी नवरात्राच्या आधी गावातल्या सगळ्या गोधड्या नदीवर जायच्या. ओली गोधडी उचलायला दोन माणसं लागायची. खडकांवर वाळत घातलेल्या त्या गोधड्या बघितल्या की कुणाच्या घरात कुणाचं लग्न झालं, कोण म्हातारं गेलं, सगळं कळायचं. कारण लग्नातलं लुगडं शेवटी तिथंच, आणि आजोबांचं धोतरही तिथंच.

आता गट काय काय करतो ते. मुख्य कामं चार.

पहिलं काम दुपट्यांचं. ग्रामीण भागातल्या बाळंतिणींसाठी आशाताईंमार्फत आपण दुपटी देतो. नव्या कापडाला खळ असते, ते बाळाच्या कातडीला टोचतं. वीस-तीस धुणी झालेलं सुती कापड लोण्यासारखं मऊ होतं. म्हणून घरातलं सर्वांत जुनं सुती कापड बाळाला घ्यायची आपली रीत. गटाचे नियम कडक आहेत. दुपट्याला मणी नाही, बटण नाही, आरसा नाही, लेस नाही. बाळाच्या तोंडात जाईल किंवा बोट अडकेल असं काही नाही. आकारही मुद्दाम लहान, अंगाखाली घालायला आणि गुंडाळायला पुरेल एवढाच. तोंडावर ओढलं जाईल असं मोठं पांघरूण बाळाला द्यायचं नाही.

दुसरं काम रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. गावाहून शहरात उपचाराला माणूस येतो तेव्हा त्याच्याबरोबर दोघं तरी येतात. रुग्णाला खाट मिळते. बरोबर आलेली माणसं जिन्यात, व्हरांड्यात, नाहीतर धर्मशाळेत झोपतात. सुरुवातीला आपण एका रुग्णालयाला गोधड्या देऊ केल्या होत्या. त्यांनी घेतल्या नाहीत. बायकांना वाईट वाटलं. पण त्यांचं कारण ऐकण्यासारखं होतं. खाटेवरची प्रत्येक गोष्ट रोज गरम पाण्यात धुवावी लागते, आणि जाड गोधडी लवकर वाळत नाही, ओल धरते, जंतू राहतात. तेव्हापासून रुग्णासाठी गोधडी नाही, नातेवाइकांसाठी पातळ, दोनच थरांची, एका उन्हात वाळणारी. घडी केली की पिशवीत मावते.

इथं मला गाडगेबाबांची आठवण काढायलाच हवी. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन फिरायचा, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे. स्वतः अंगावर ठिगळं वागवली, आणि दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी टाटा रुग्णालयात आलेली गोरगरीब माणसं तिथं राहतात. आजार एकाला होतो आणि घरदार उघड्यावर येतं, हे ज्यानं ओळखलं त्याच्या वाटेनं दोन पावलं टाकायचा आपला प्रयत्न आहे.

तिसरं काम आठवणीच्या गोधडीचं. घरातलं माणूस जातं आणि कपाट भरलेलं राहतं. त्याचे कपडे द्यायला मन होत नाही आणि ठेवून काही उपयोग नाही. अशा घरांसाठी गट त्या कपड्यांची गोधडी करून देतो. त्यासाठी आपण देणगी घेतो. गटाचा दोरा, सुया, कात्र्या, धुलाई हे सगळं त्या देणगीतून भागतं. म्हणजे खजिनदाराच्या भाषेत, हे आपलं एकमेव उत्पन्नाचं खातं. या सभागृहातही काही घरांत अशा गोधड्या आहेत. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

चौथं काम सर्वांत मोठं. तिथंच हा सगळा हिशेब मला नव्यानं मांडावा लागला.

दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर आपल्या पुणे जिल्ह्यात, बारामती, इंदापूर, दौंडच्या पट्ट्यात येतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बैलगाडीतून सगळा संसार घेऊन येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'एक कोयता' म्हणतात. माणसं दोन, मोजायला कोयता एक! मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते, तिला उचल म्हणतात. बँकेच्या भाषेत ॲडव्हान्स. ती फिटेपर्यंत हंगामभर तोडणी. राहायला कोपी, म्हणजे पाचट आणि ताडपत्रीचं खोपट. ऐन थंडीत पहाटेच्या अंधारात फडात जावं लागतं, आणि लहान लेकरू बरोबर न्यावं लागतं. ते बांधावर एखाद्या फडक्यावर झोपवलेलं असतं.

गटानं ठरवलं, या मुलांसाठी गोधड्या करायच्या. पहिल्या हिवाळ्यात आम्ही टेम्पो घेऊन गेलो. मीही गेलो होतो, पावत्या कोण सांभाळणार? गोधड्या दिसायला सुंदर होत्या, काठपदर जुळवलेले, रंग असे की कुणीही म्हणावं प्रदर्शनात लावा. एका बाईनं गोधडी हातात घेतली. वरचे रंग बघितलेच नाहीत. उलटी केली, अंगठा टाक्यांवरून फिरवला, एक टाका नखानं उचलला आणि म्हणाली, "बाई, टाका लई लांब पडलाय. पहिल्या धुण्यालाच दोरा वढंल. आन् लेकराच्या पायाचं बोट आडकतंय ह्यात."

आमच्या बायका गप्प. मग त्यातल्या एका काकूंनी पिशवीतून सुई-दोरा काढला आणि तिच्यापुढं धरला. ती खाली बसली. पाच मिनिटांत दीड वीत ओळ घातली. टाके म्हणजे जोंधळ्याचे दाणे मांडावेत तसे, सगळे एका मापाचे. काकूंनी विचारलं, "तुम्हाला एवढं येतं, मग स्वतः का नाही शिवत?" ती हसली. म्हणाली, "येळ कुठंय?"

मंडळी, परत येताना टेम्पोत कुणी फारसं बोललं नाही. गोधडी त्यांचीच आहे, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. आपण शहरातून काही नवी वस्तू घेऊन गेलो नव्हतो. तिच्या आईनं, आजीनं असल्या कितीतरी शिवल्या असतील. कापड तिच्याकडे नव्हतं असं नाही. हात तर आपल्यापेक्षा शंभरपट चांगला. नव्हता फक्त वेळ. आणि आपल्याकडे, विशेषतः माझ्यासारख्या पेन्शनरांच्या घरांत, वेळ सोडून दुसरं काय उतू चाललंय?

आता येतो ताळेबंदाकडे. एक मोठी गोधडी दोघी मिळून रोज दोन तास बसल्या तर १८ दिवसांत होते, असं आमची वही सांगते. म्हणजे ७२ तास. तासाला ५० रुपये मजुरी धरली तरी ३,६०० रुपये. दोरा आणि बाकी सामान १२० रुपये. एकूण ३,७२०. बाजारात साधं ब्लँकेट ४०० रुपयांना मिळतं. म्हणजे एका गोधडीच्या जागी ९ ब्लँकेटं घेता आली असती. मी हा हिशेब गटापुढं ठेवला आणि सरळ म्हणालो, "वर्गणी काढा, ब्लँकेटं घ्या, वाटून टाका. नऊ लेकरांचं भलं होईल."

आजी तेव्हा होत्या. त्यांनी विचारलं, "अहो, पण हे ७२ तास तुमच्या त्या ४०० रुपयांच्या ब्लँकेटात कुठं गेले?" मी म्हणालो, तिथं यंत्र आहे. त्या म्हणाल्या, "मग आमचे तास कुणी विकत घेणार होतं का? ते तर दुपारी झोपून आणि टीव्ही बघून जाणारच होते. जे विकलं जात नव्हतं त्याची किंमत कशाला लावता?"

बँकेत असं कुणी बोललं असतं तर मी व्हाउचर परत पाठवलं असतं. पण आजींचं गणित बरोबर होतं. त्या ७२ तासांना बाजार नव्हता. ते कुठल्याच खात्यात पडून नव्हते. गोधडीत घातले म्हणून जमेला आले. आणि ज्या बाईकडे ते तास नव्हते, नेमक्या तिच्याकडे ते गेले.

याचा अर्थ ब्लँकेट वाईट असा नाही. ते साफ सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला पाणी शिरलं, तेव्हा आपल्या गटानं सुई हातात घेतलीच नाही. पैसे जमवले आणि तयार ब्लँकेटं, सोलापुरी चादरी घेऊन पाठवल्या. घर पाण्यात असलेल्या माणसाला १८ दिवस थांबा म्हणता येत नाही. पण त्याच वेळी आपण दुसरी गोष्टही बघितली. मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडले होते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही हेच झालं होतं. तिथला तो कपड्यांचा पसारा निवडून मार्गी लावायचं काम 'गूंज' या संस्थेनं केलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेली ही संस्था. त्यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जुनं कापड ही दयेनं भिरकावायची वस्तू नसून कामाला लावायचं साधन आहे, हे या संस्थेनं देशाला दाखवलं.

आपल्या खोलीबाहेर कापडासाठी पेटी ठेवली आहे. तिच्यात काय काय येतं ते सांगितलं तर तुम्ही हसाल. बिनजोडीचे मोजे येतात. इलॅस्टिक गेलेल्या पँटी येतात. एकदा फाटकी छत्री आली. कृपा करून पेटीत सुती कापडच टाका, धुऊन, वाळवून. नायलॉन, पॉलिएस्टर नको. त्याची ऊब दमट असते, टाका सरकतो, आणि कोपीत चूल शेजारीच असते. ठिणगी उडाली तर सुती कापडाला भोक पडतं, पण कृत्रिम कापड वितळून अंगाला चिकटतं. एक सोपी कसोटी सांगतो. जे कापड आपल्या नातवाच्या अंगाखाली घालाल, तेच पेटीत टाका.

आमच्या गटाला वाटत होतं, असलं काम करणारे आपणच. मग माझ्या मुलीनं अमेरिकेतून माहिती पाठवायला सुरुवात केली. तिच्या गावात बायकांचा क्विल्टिंगचा क्लब आहे, ती तिथं जाते. तिकडं बायकांनी एकत्र बसून गोधडी शिवण्याला 'बी' म्हणतात, म्हणजे मधमाशी. आपल्याकडच्या गप्पांचा आवाज ऐकला तर हे नाव चुकीचं वाटत नाही! तिकडचे क्लब आजारी आणि संकटातल्या मुलांसाठी पांघरुणं करतात, युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी करतात. अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. शेतात घालून विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या शिवत आल्या. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. हो, सहकारी! आणि २००६ मध्ये गीज बेंडच्या गोधड्या अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या.

आठवणीच्या गोधडीचंही तसंच. एड्सनं गेलेल्या माणसांना लोक खांदा द्यायला कचरत होते, त्या काळात त्यांच्या आप्तांनी एकेका माणसासाठी तीन फूट बाय सहा फुटांचा एकेक तुकडा शिवला. साधारण एका कबरीएवढा. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानात ते १,९२० तुकडे एकत्र अंथरले. आज त्यांची संख्या ५० हजारांच्या आसपास आहे. ज्या माणसाचं नाव घ्यायला लोक घाबरत होते, ते नाव कापडावर शिवून जगापुढं मांडलं.

आपल्या देशातही बघा. बंगालची कांथा, बिहारमधल्या मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावची सुजनी, या गोधडीच्याच बहिणी. आणि आपल्या सीमेपलीकडं, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाची छोटी त्रिकोणी घडी लावतात, तिचं नाव फुला. फुल्याशिवाय कवंदी उघडी-नागडी दिसते, असं त्या म्हणतात. अंग झाकायलाच केलेली वस्तू, पण तिलाही दागिना हवा. आमच्या बायकांना हे इतकं आवडलं की यंदाच्या गोधड्यांच्या कोपऱ्यांवर तुम्हाला ते त्रिकोण दिसतील.

मुलीनं आणखी एक सांगितलं होतं. तिकडं गोधडीच्या मागं चिठ्ठी शिवतात, कुणी शिवली, कधी, कुठं. आपणही लावावी का, यावर गटात तीन बुधवार वाद झाला. सोसायटीचं नाव घालू, अशी सूचना आली. शेवटी ठरलं की फक्त वर्ष घालायचं. देणाऱ्याचं नाव पांघरून रोज झोपायचं, हे कुणाला आवडेल? त्याच दिवशी दुसरा नियम झाला की वाटपाचे फोटो काढायचे नाहीत. म्हणून आज बाहेर तुम्हाला फक्त गोधड्यांचे फोटो दिसतील. हात पसरलेल्या माणसाचा एकही फोटो नाही. काही देणगीदारांना हे पटत नाही. त्यांना मी वही दाखवतो. कापड किती आलं, गोधड्या किती झाल्या, कुठं गेल्या, सगळं तारीखवार आहे. कुणीही येऊन तपासावं.

टाक्याचंही सांगायचं राहिलं. त्या बाईंनी घातलेली दीड वीत ओळ आपण उसवली नाही. ती गोधडी त्यांनाच दिली, पण त्याआधी त्या टाक्याचं माप एका पुठ्ठ्यावर उतरवून घेतलं. तो पुठ्ठा खोलीत भिंतीवर लावला आहे. नवीन कुणी आलं की आधी चिंधीवर त्या मापाचा टाका घालून दाखवायचा, मगच गोधडीला हात. दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. त्या बाई भेटल्या नाहीत, त्या वर्षी त्यांची टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली होती. पण दुसऱ्या एकीनं गोधडी उलटी केली, अंगठा फिरवला, आणि काही न बोलता घडी घालून काखेत मारली. आमच्या बायकांना तेवढं प्रशस्तिपत्र पुरलं.

आता शेवटचा आणि थोडा अवघड विषय. ती तळमजल्यावरची खोली व्यायामशाळेसाठी द्यावी, असा प्रस्ताव आहे. प्रस्ताव आणणारी तरुण मंडळी आपलीच मुलं आहेत आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. माझ्या गुडघ्यांनाही व्यायामशाळा हवी आहे. पण माझी विनंती आहे, निर्णय घेण्याआधी प्रत्येकानं एकदा बुधवारी तीन वाजता त्या खोलीत यावं. गोधडीला पसरायला सलग जमीन लागते. ती रोज घडी घालून उचलता येत नाही, थर सरकतात. तिथं बसणाऱ्या बारा जणींपैकी सात जणी सत्तरीच्या पुढच्या आहेत. दोघींचे यजमान गेले. एकींची मुलं परदेशात. त्यांतल्या एकीनं मला सांगितलं, "भाऊजी, सोमवारपासून मी बुधवारची वाट बघते." हे मी कुठल्या खात्यात दाखवू, तुम्हीच सांगा. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर व्यायाम, दुपारी गोधडी, उपकरणं एका भिंतीशी, असा मार्ग निघू शकेल का, हे सभेनं बघावं. खोलीचं माप घेऊन मी एक कच्चा आराखडा सचिवांकडे दिला आहे.

ज्यांच्या ट्रंकेतून हे सगळं निघालं त्या आजी मागच्या पावसाळ्यात गेल्या. ट्रंक त्यांनी कबूल केल्याप्रमाणे रिकामी करून दाखवली होती. आता ती खोलीतच आहे, सुई-दोरा ठेवायला. त्यांच्या सूनबाई सध्या गटाच्या प्रमुख आहेत. बोहारीण अजूनही सोसायटीत येते, पण सी विंगकडं फिरकत नाही.

गटाला तीन गोष्टी हव्या आहेत. एक, स्वच्छ सुती कापड. दोन, कापड धुऊन गच्चीवर वाळत घालायला आणि टेम्पोत चढवायला पुरुष माणसं. पेन्शनर मंडळींनो, बाकावर बसून राजकारण सुधारायचं काम आपण बरीच वर्षं केलं, आता थोडं हे करू. तीन, तरुण हात. मुलींनो, सुनांनो, आणि मुलांनो तुम्हीसुद्धा, आठवड्यातून एक तास द्या. तुम्हाला कामं आहेत, प्रवास आहे, सगळं मान्य. वेळ तुमच्याकडेही कमी आहे. म्हणून एकच तास म्हणतो. पुठ्ठा भिंतीवर आहे, शिकवायला माणसं आहेत, आणि ती अजून आहेत तोवर शिकून घ्या.

येत्या हंगामासाठी लहान मुलांच्या गोधड्यांचं काम चालू आहे. थंडी वाढायच्या आत त्या पोचल्या पाहिजेत. प्रदर्शन रात्री नऊपर्यंत उघडं आहे. गोधडी उलटी करून बघायला परवानगी आहे, किंबहुना तशीच बघावी.